काकाजींचा गेटमन

काकाजींच्या घरात बल्ब गेला की आधी त्याची चौकशी व्हायची, मग अंधार जायचा. गेलेला बल्ब ते कानाशी धरून हलवायचे, उजेडात धरून आतली तार बघायचे, होल्डरमध्ये टेस्टर घालायचे आणि "होल्डर ढिला होता" किंवा "व्होल्टेज जास्त आलं" असा निकाल देऊन मगच नवा बल्ब लावायचे. निकाल लागला नाही तर नवा बल्बही लागायचा नाही. जिन्यातला दिवा एकदा असाच कितीतरी दिवस बंद राहिला आणि मी भिंत चाचपत वर माझ्या खोलीत जात राहिले.

"काकाजी, बल्ब तरी लावून द्या ना."

"लावून देतो ना जी. पन हा काऊन मेला, ते समजू द्या. दुसरा लावला अन् तोही मेला, तं मंग?"

मी त्यांची भाडेकरू. गोंदियाच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायला म्हणून अकोल्याहून आले होते, आणि रेल्वे लाइनच्या पलीकडे त्यांच्या घरावरची एक खोली मला मिळाली होती. राइस मिल जवळच होती. दोरीवर कपडे वाळत घातले की संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर जळक्या कोंड्याची काळी राख बसायची. काकाजी मूळचे केशोरीचे. धानाच्या बांधीतून उठून रेल्वेत लागले आणि सगळी नोकरी सिग्नल दुरुस्त करण्यात गेली. आता निवृत्त होते. सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हणायचे, चहा घ्यायचे आणि घरात काय बिघडलं आहे ते शोधायला निघायचे. काही बिघडलेलं नसलं तर शेजाऱ्यांकडे चौकशी करायचे.

कुठल्याही खोलीत शिरण्यापूर्वी ते उंबऱ्याशी थांबून विचारायचे, "लाइन क्लिअर?" आतून "हो" आल्याशिवाय पाऊल टाकायचे नाहीत. पहिल्यांदा त्यांनी माझ्या दारात असं विचारलं तेव्हा मला वाटलं, माझ्या टेलिफोनबद्दल काहीतरी विचारताहेत. मी म्हटलं, "माझ्या खोलीत टेलिफोनच नाही, मोबाइल आहे." ते गंभीरपणे खाली उतरून गेले. सिग्नल मिळाला नव्हता ना.

त्यांची एक गोष्ट काकू नेहमी सांगायच्या. शेजाऱ्यांसोबत सगळे जण जीपने कचारगडच्या जत्रेला निघाले होते. सालेकसाच्या पुढे जीप बंद पडली. मागून दुसरी गाडी आली, तिच्यात जागा होती, सगळे बसले. काकाजी बसले नाहीत. "तुम्ही व्हा पुढे. ही काऊन बंद पडली ते पाहून येतो." काकू डोंगर चढून, गुहा बघून, प्रसाद घेऊन परत आल्या तेव्हा हे त्याच ठिकाणी, ड्रायव्हरच्या शेजारी रस्त्यावर बसलेले. तोंड काळं, हात काळे आणि चेहऱ्यावर अशी खुशी, की जणू यांनीच गड चढला.

तर अशा माणसाच्या घरी इंटरनेट आलं.

ते टेलिफोनच्या तारेतून येई. सुरुवातीला कॉम्प्युटर थेट त्या तारेच्या मोडेमला जोडलेला होता. एकदा कुठूनसा व्हायरस शिरला आणि मुलीच्या लग्नाचे फोटो गेले. काकाजींनी कारण शोधलं. कारण असं निघालं की बाहेरचं कोणीही सरळ घरात येऊ शकत होतं. "लाइन हाये अन् फाटकावर मानूसच नाही! मंग अपघात होनारच." मग त्यांनी कोणाच्या तरी ऑफिसातून भंगारात निघालेला एक जुना कॉम्प्युटर आणला, त्यात फुकट मिळणारा एक प्रोग्राम टाकला, आणि मोडेम व घरातला कॉम्प्युटर यांच्या मधोमध बसवला. बाहेरून येणारं आणि आतून जाणारं सगळं त्याच्या हाताखालून जायचं. कोणाला सोडायचं, कोणाला अडवायचं, ते तो ठरवायचा. लोक त्याला फायरवॉल म्हणतात. काकाजी त्याला गेटमन म्हणायचे. दर रविवारी सायकलचा पंप लावून त्याच्या पंख्यातली राख उडवायचे.

हे सगळं मला मजेचं वाटे. त्या वर्षी काकू पडल्या तोपर्यंत.

काकू अंगणात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी बरेच दिवस पडून राहायला सांगितलं. त्यांचा पलंग अंगणापलीकडच्या मागच्या खोलीत होता. इंटरनेटचा सगळा संसार रस्त्याकडच्या खोलीत. आणि काकूंना ऐकू येत नव्हतं. अजिबात नाही. समोरच्याच्या ओठांवरून त्या शब्द ओळखायच्या. त्यामुळे फोन त्यांच्या कामाचा नव्हता. त्यांची एकुलती एक मुलगी बंगळुरूला होती, पहिल्यांदाच बाळंत होणार होती, आणि आई अंथरुणाला खिळल्यामुळे बाळंतपणाला माहेरी येणार नव्हती. दोघींना एकमेकींशी बोलायचं तर चेहरा दिसायला हवा होता. पूर्वी काकू समोरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसून तिच्याशी बोलायच्या. आता ते बंद झालं.

मुलीने जाताना एक जुना लॅपटॉप इथेच ठेवलेला होता. काकाजींनी गेटमनपासून अंगणावरून लांब तार टाकली आणि लॅपटॉप काकूंच्या मांडीवर दिला. पहिल्या बोलण्याला पाच मिनिटं झाली नसतील, तोच छपरावरून वानरांची टोळी आली आणि एकाने तार ओढली. लॅपटॉप पलंगावरून खाली जाता जाता मी धरला. काकूंच्या पायाला हिसका बसला, त्या कळवळल्या.

"तार नको," त्या म्हणाल्या. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने त्या फार मोठ्याने बोलायच्या. "मले तार नको आता!"

काकाजी बाजारात गेले आणि अंगठ्याएवढी एक यूएसबी कांडी घेऊन आले. ती गेटमनच्या अंगात खोचली की तो बिनतारी बोलू लागेल, आणि मागच्या खोलीपर्यंत इंटरनेट हवेतून जाईल, असा हिशेब होता.

कांडी खोचली. तिचा दिवा लागला नाही.

त्यांनी काढली, पुसली, परत खोचली. गेटमन बंद करून चालू केला. काही नाही. तीच कांडी लॅपटॉपला लावली तर दिवा लागला. म्हणजे कांडी जिवंत होती, गेटमन जिवंत होता, फक्त दोघांची ओळख नव्हती.

"काकाजी, बाजारात बिनतारी इंटरनेटचा तयार डबा मिळतो," मी म्हटलं. "मोडेमला लावला की झालं."

"मिळते ना. मंग हे काऊन चालून नाही राहिलं, ते कधी समजन?"

इंटरनेटवर अशा यंत्रांमधल्या जाणकारांची एक चावडी होती. तिथे काकाजींनी मदत मागितली. त्यांचं इंग्रजी रेल्वेचं. अर्जाची सुरुवात "आदरणीय महोदय" अशी, मग कांडी वारंवार चौकशी करूनही प्रतिसाद देत नसल्याचं सविनय निवेदन, आणि शेवटी "आपला आज्ञाधारक". दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी लांबच्या देशातून एकाच ओळीचं उत्तर आलं. चिप कोणती?

"नमस्कार नाही, काही नाही," काकाजी जरा दुखावले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "पन सवाल बराबर हाये."

ब्लेडने त्यांनी कांडीचं टरफल हळूच उघडलं, ती भिंगाखाली धरली आणि माझ्याकडून चिपवरची अक्षरं वाचून घेतली. गेटमनला ज्या चिपा ओळखता यायच्या त्यांच्यात ही नव्हती. खोक्यावर मात्र तेच नाव होतं, जे चालायला हवं होतं. आम्ही दोघं दुकानात गेलो.

"काकाजी, डिब्बा वही है," दुकानदार हात पसरून म्हणाला. "कंपनीने अंदर का माल बदल दिया होगा. हमको थोड़ी बताते हैं."

"खोक्यावर कुठंतरी फरक असनच," काकाजी म्हणाले, आणि दुकानातली सगळी खोकी काउंटरवर मांडून एकेक उलटून पाहू लागले. गिऱ्हाईक तुंबलं. दुकानदाराने आधी कपाळाला हात लावला, मग स्टूल दिलं, मग चहा मागवला. शेवटी खोक्याच्या बुडाशी बारीक अक्षरांत एक आकडा सापडला, जो जुन्या मालावर वेगळा होता. जुन्या मालातलं एकच खोकं उरलं होतं. कारण सापडलं होतं, त्यामुळे आता बदलून घ्यायला त्यांची हरकत नव्हती. उघडलेली कांडी दुकानदाराने परत घेतली, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. बहुधा आम्ही जावं म्हणून घेतली असेल.

नवी कांडी गेटमनने ओळखली. दिवा लागला. काकाजींनी बिनतारी जाळ्याला नाव दिलं "केशोरी", आणि ते मागच्या खोलीतल्या लॅपटॉपवर दिसलंसुद्धा. मी टाळ्या वाजवल्या. काकूंनी विचारलं, "झालं?" काकाजी म्हणाले, "झालंच."

झालं नव्हतं. केशोरी दिसायचं, लॅपटॉप त्याला जोडला जायचा, आणि जरा काम सांगितलं की नाहीसं व्हायचं. परत दिसायचं, परत जायचं. काकाजींनी कांडीची जागा बदलली, जाळ्याचा चॅनल बदलला, कांडी तापते म्हणून तिच्यावर छोटा पंखा धरला, राइस मिलची मोटर सुरू असताना आणि बंद असताना फरक पडतो का ते पाहिलं. चावडीवर तीन-चार आज्ञाधारक अर्ज गेले. आठवडा गेला, दुसरा लागला. मुलीचे दिवस जवळ येत होते. एका दुपारी मी काकूंना जेवण द्यायला गेले, तर त्या बंद लॅपटॉप उशाशी घेऊन छताकडे बघत पडल्या होत्या.

त्याच संध्याकाळी मुलीचा मला फोन आला. "ताई, बाबांना तुम्ही ओळखता. ते काही ऐकायचे नाहीत. तुम्हीच एक तयार डबा आणून लावून द्या ना. मला आईला बघायचंय."

मी दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येताना डबा घेऊन आले. काकाजी समोरच्या खोलीत गेटमनपुढे मांडी घालून बसले होते. मी डबा त्यांच्यासमोर ठेवला.

"काकाजी, आता पुरे. तुमचं कारण मोठं की काकू?"

त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग उठून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "लावा. तुमचं बराबर हाये." त्यांचा चेहरा मला बघवेना. मी डबा घेऊन आधी काकूंना दाखवायला मागे गेले. काकाजीही आले. काकूंना हाक ऐकू यायची नाही, म्हणून त्यांच्या दारात ते बाहेरच्या बटणाने खोलीतला दिवा एकदा बंद-चालू करायचे. काकूंनी हात वर केला की आत यायचे. त्या दिवशी त्यांनी दिवा लावला-विझवला, काकूंनी हात वर केला, तरी ते उंबऱ्यातच उभे राहिले.

काकूंनी डबा पाहिला, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"हे काय होय?"

मी ओठ नीट हलवत सांगितलं, की आजच्या आज मुलगी दिसेल.

"अजी, तुम्ही जा. तुमचं काम करा," काकू त्यांना म्हणाल्या. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "बसा मॅडम."

मी पलंगाच्या काठावर बसले.

"माये कान गेले तवा पोरगी कालेजात होती. पाहता पाहता गेले. सारे म्हनत, वय झालं, मशीन लावा. पन माया आजीलेही आयकू येत नव्हतं. मी मनात धरलं का हे आमच्या रक्तातच हाये. पोरीले पाहुणे येऊन राहिले होते. मी म्हटलं, नाही. हिचं लगन कराचं नाही. हिचे कान जातीन, हिच्या लेकराचेही जातीन. पोरगी रडे, पाया पडे. मी कायले आयकतो? मले कानच नव्हते ना." त्या हसल्या, पण डोळे पुसले. "अन् हे बसले कारन शोधत. नागपूरले नेलं, रायपूरले नेलं. जो डाक्टर म्हने वय झालं, त्याले म्हनत, मंग हिच्या मोठ्या बहिनीचे काऊन नाही गेले? डाक्टर चिडत. मी चिडे. आखरीले एका डाक्टरीनबाईनं सारं आंधीचं विचारलं. त्याच्या दोन साल आंधी मले मोठी बिमारी झाली होती, लय दिवस इंजेक्शनं घ्या लागली होती. त्यायनं जीव राहिला अन् कान गेले. कान काही वापस आले नाही, मॅडम. पन रक्तात नाही, एवढं समजलं. त्याच उन्हाळ्यात पोरीचं लगन केलं."

माझ्या मांडीवरच्या डब्याकडे त्यांनी बोट दाखवलं.

"दुसऱ्या कोनी हा डबाच देला असता मले. मशीन लावा, घरी जा. हे तसे नाहीत." मग त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला. समोरच्या खोलीतच काय, रस्त्यावरही ऐकू गेला असेल. "हा वापस करा! पोरीचे दिवस भराच्या आंधी हे करतीनच. त्यायले सांगा, मी थांबली हावो म्हनून!"

सांगायची गरज नव्हती. मी समोर गेले तेव्हा काकाजी मल्टिमीटर काढून बसले होते. डोळे लाल होते, पण हात स्थिर.

"मॅडम, मले आतापर्यंत समजलं ते सांगू? हे नुसतं बसून राहिलं तं चालते. बोज टाकला का मरते. म्हनजे बिमारी नाही हे. भूक होय." त्यांनी मला लॅपटॉपवर एक मोठा फोटो उघडायला पाठवलं आणि स्वतः मीटरकडे बघत राहिले. मी फोटो उघडायला घेतला, तोच समोरून त्यांची आरोळी आली, "पडलं! व्होल्टेज पडलं!"

जुन्या कॉम्प्युटरमध्ये कांडी खोचायच्या पुढच्या खाचेला वीज पुरवणारी आतली तार बारीक आणि म्हातारी होती. कांडी गप्प असेपर्यंत तिचं भागत होतं. काम सुरू झालं की वीज पुरायची नाही आणि कांडी बंद पडायची. लांबच्या सिग्नलचा दिवाही असाच मंद होतो म्हणे, तार खराब झाली की. दुसऱ्या दिवशी मी तो डबा दुकानात परत केला आणि त्याऐवजी काकाजींनी सांगितलेली, भिंतीतल्या प्लगमधून स्वतःची वीज घेणारी एक छोटी यूएसबीची पट्टी घेऊन आले. दुकानदाराने मला पाहताच विचारलं, "काकाजी साथ में नहीं हैं न?"

पट्टी लागली. कांडी तिच्यात बसली. केशोरी दिसलं, आणि दिसतच राहिलं. लॅपटॉप जोडला गेला. आम्ही दुपारभर बघत बसलो, तुटलं नाही. मग मी मुलीला फोन करून कॉम्प्युटरसमोर बसायला सांगितलं आणि लॅपटॉपवर बटण दाबलं.

काही उघडेना. जोडलेलं आहे असं लॅपटॉप सांगत होता, पण एक पानसुद्धा उघडत नव्हतं.

मला रडू आलं. काकाजी धावत गेटमनपाशी गेले. त्याने अडवलेल्या गोष्टींची लांबलचक यादी पडद्यावर सरकत होती. ती पाहून ते मोठ्याने हसायला लागले.

"काय झालं?"

"लाल!" ते म्हणाले. "त्यानं लाल देऊन ठेवला हाये. मॅडम, सिग्नलची तार तुटली तं सिग्नल काय झाला पायजे?"

"मला काय माहीत?"

"लाल. तार तुटो, वीज जावो, काहीही होवो, आपोआप लाल. हिरवा होऊन चालत नाही, मानसं मरतीन. आपन याले नवीन दरवाजा लावून देला, पन त्यातून कोनाले सोडाचं, ते सांगतलंच नाही. म्हून तो कोनालेच नाही सोडून राहिला. ज्या कोनी हा प्रोग्राम बनवला, तो भला मानूस होय."

त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि एका बोटाने टाइप करून गेटमनला परवानगी दिली: केशोरीवरून येणाऱ्याला बाहेर जाऊ दे. मग मागे जाऊन काकूंचा दिवा लावला-विझवला. काकूंनी हात वर केला.

मुलगी दिसली. पोटावर हात ठेवून बसली होती. काकूंनी आधी पडद्यालाच हात लावला. चित्र मधेमधे अडकत होतं, त्यामुळे ओठ वाचता येईनात. मुलीने मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दाखवायला सुरुवात केली. "हे काऊन अटकून राहिलं?" असं म्हणत काकाजी उठायला लागले, तर काकूंनी त्यांचा सदरा धरून खाली बसवलं. "आता बसा ना जी!"

पुढच्याच आठवड्यात मुलगी बाळंत झाली. मुलगी झाली. काकूंनी नात रोज पाहिली. झोपलेली, जागी, दुपट्यात, दुपट्याबाहेर. बोलायच्या फार नाहीत, नुसत्या बघायच्या. काहीतरी विचारायचं आहे आणि विचारत नाहीत, असं मला वाटायचं.

बाळ महिन्याचं झालं असेल. त्या दिवशी काकूंनी मुलीला म्हटलं, "तिच्या मांगं थाळी वाजव."

मुलगी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग उठून तिने नवऱ्याला हाक मारली. जावई थाळी आणि चमचा घेऊन आला आणि बाळाच्या डोक्यामागे उभा राहिला. काकूंनी माझा हात धरला. काकाजी लॅपटॉपच्या बाजूला बसून पडद्याकडे नाही, काकूंच्या तोंडाकडे बघत होते.

जावयाने थाळीवर चमचा मारला.

बाळाचे दोन्ही हात एकदम हवेत उडाले. डोळे विस्फारले, तोंड वाकडं झालं, आणि ते टाहो फोडून रडायला लागलं. त्या रडण्याने खोली भरून गेली. काकूंना ते ऐकू आलं नाही. त्यांनी फक्त उघडं तोंड पाहिलं, थरथरणारी हनुवटी पाहिली, आणि मान वळवून नवऱ्याकडे बघितलं.

काकाजी त्यांच्या समोर सरकले, म्हणजे ओठ नीट दिसतील.

"आयकते," ते म्हणाले. "चांगलं आयकते."